पाईकराव सरांचा लोखंडी हात

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात पाईकराव सर कितीतरी दिवस माझ्याशी पाठमोरे उभे राहून बोलत होते. आमचं भांडण झालं नव्हतं. उलट हिंगोलीत त्यांचा म्हणावा असा स्नेही मी एकटाच होतो. पण मी समोरून येताना दिसलो की ते गर्रकन वळत, भिंतीकडे, झाडाकडे, जे जवळ असेल त्याच्याकडे तोंड करत आणि म्हणत, "बोला मराठीवाले, ऐकून राहिलो."

भर रस्त्यात एक प्राध्यापक सायकलच्या दुकानात टांगलेल्या टायरांशी बोलतोय आणि त्याच्या पाठीशी उभा राहून दुसरा प्राध्यापक टायरांच्या वतीने उत्तरं देतोय, हे दृश्य साऱ्या गावाने पाहिलं. मग गावाने आपापल्या मगदुराप्रमाणे अर्थ लावले. कोणी म्हणालं, दोघांचं वाजलं. कोणी म्हणालं, सरांच्या मानेत लचक भरली. आमच्या प्राचार्यांनी समेट घडवायला दोघांना चहाला बोलावलं, तर सर खुर्ची फिरवून बसले आणि कपाटाकडे तोंड करून चहा प्यायले. जाताना कपाटाला नमस्कारही केला.

त्यामागे कारण होतं. सरांच्या प्रत्येक वेडेपणामागे कारण असे आणि ते कारण वेडेपणापेक्षा जास्त वेळ चाले. ते ऐकायच्या आधी सर कोण, हे सांगायला हवं.

पाईकराव सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक चिमटा. बोलण्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा, 'सबूत'. आज ऊन फार आहे म्हटलं तरी ते विचारत, "सबूत?" प्राचार्यांनी एकदा भाषणात 'आपलं कॉलेज मराठवाड्यात अग्रगण्य आहे' असं म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून हाच शब्द ऐकू आला. त्या वर्षी सरांची बढती राहिली. का राहिली याचा सबूत मात्र कोणीच मागितला नाही.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की माणसाचा हात लबाड असतो. आपल्याला जे हवंसं वाटतं तिकडे तो आपल्या नकळत झुकतो. म्हणून बाजारात ते वरची वांगी कधी घेत नसत. डोळे मिटून पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, थोडी मधली काढायचे, थोडी तळातली. भाजीवाले गफूरचाचा त्यांना लांबून पाहूनच म्हणायचे, "आ गए मास्टरसाब, बोरा उल्टा करने." किडकं वांगं निघालं की सर खूश. "बघा, तुमच्या ढिगाचा खरा चेहरा हा!" म्हणायचे, आणि ते किडकंही घरी घेऊन जायचे.

परीक्षेचे पेपर ते शिपायाकडून नावं झाकून घेत. एकदा तपासत, सगळा गठ्ठा पिसून पुन्हा तपासत. दोन्ही वेळचे मार्क वेगळे आले तर मधला आकडा धरत. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या एकाच पेपरात दोनदा नापास झालेला विद्यापीठातला बहुधा पहिलाच विद्यार्थी असावा. अध्यक्ष चौकशीला आले, तर सर त्यांना म्हणाले, "साहेब, एकदा नापास झाला असता तर मला बी शंका आली असती."

घरीही हाच जाच. दह्याला विरजण लावायचं तर अर्ध्या दुधाला एक, अर्ध्याला दुसरं. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "यांचं एकाच बायकोवर कसं भागलं, याचंच मला नवल वाटतं. पारखायला दुसरी लागली असती न्हाई का?" सर आतून म्हणाले, "खर्च परवडत न्हाई." वहिनींनी त्या रात्री वांग्याची भाजी केली, न निवडता.

आता औषधांचं. आमच्या भागात औषधांना तोटा नाही. ज्याला दुसरं काहीच येत नाही त्याला औषध येतं. काविळीला एकजण, मुतखड्याला दुसरा, कुत्रं चावलं तर तिसरा, आणि प्रत्येकाकडे गुण आल्याच्या चार-चार कहाण्या. सरांना या कहाण्यांचा भारी राग. ते म्हणत, "गुण आला तो पेढे घेऊन येतो. न्हाई आला तो मेला. मेलेला तक्रार घेऊन कुठून येणार?" मग ते पेढे खाऊन मोकळे होत, कारण पेढ्यांबद्दल त्यांची काही शंका नव्हती.

त्यांनी ठरवलं की आपल्या भागातली औषधं एकेक करून पारखायची आणि सुरुवात लेकरांच्या जंतांपासून करायची. जंतांची औषधं गांडुळांवर पारखता येतात, असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. औषधाच्या पाण्यात गांडूळ सोडायचं, किती वेळ वळवळतं ते पाहायचं, आणि शेजारी नुसत्या पाण्यात दुसरं सोडून ताडून बघायचं. पावसाळ्यात कॉलेजच्या नळामागे गांडुळांना तोटा नसे. कॉलेजच्या नळालाच पाणी नसे, पण ते आमच्या नगरपालिकेचं शास्त्र.

इथे सरांचा स्वतःचाच हात लबाड निघाला. ज्या औषधाकडून आशा होती त्याचा थेंब टपोरा पडत होता. भांड्यातून गांडूळ उचलतानाही जे सुस्त ते आधी हाती येई आणि नेमकं त्याच औषधात पडे. औषध घ्यायच्या आधीच अर्धमेलं झालेलं गांडूळ लगेच गार पडणारच. सर दोन दिवस जेवले नाहीत. स्वतःच्या हाताकडे ते असे बघत, जसा एखादा बाप चोरीत सापडलेल्या पोराकडे बघतो. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मराठीवाले, ज्याला काहीच हवंसं वाटत न्हाई असा हात पाहिजे."

आणि त्यांनी तो केला. शिवणयंत्राचं चाक, भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग, छत्रीच्या काड्या, ग्रामोफोनची फिरती थाळी आणि डॉक्टरकडची काचेची जुनी पिचकारी. थाळीवर बाटल्या गोल मांडायच्या. चावी दिली की छत्रीच्या काड्यांचा तो हात खाली वाकायचा, औषध ओढून घ्यायचा, वर उठायचा, बाटलीत मोजका थेंब सोडायचा, आणि तोवर थाळी पुढची बाटली हजर करायची. कोणत्या बाटलीत काय आणि कोणतं गांडूळ कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. प्राचार्य पाहायला आले. "हा कोणाचा हात?" त्यांनी विचारलं. "कोणाचाच न्हाई," सर म्हणाले, "तोच तर त्याचा गुण."

यंत्रमानव म्हटल्यावर संस्थेला उद्घाटनाचा मोह आवरला नाही. अध्यक्ष आले, नारळ फुटला, आणि अध्यक्षांनी यंत्राच्या हातात झेंडूचा हार घातला. हाराच्या वजनाने हात भलतीकडे फिरला आणि वावडिंगाच्या काढ्याची पिचकारी अध्यक्षांच्या पांढऱ्या जाकिटावर मोकळी झाली. सगळे धावले. सरही धावले, पण यंत्राकडे. "हार काढा आधी!" ते ओरडले, "थेंब जास्त पडला ना!" अध्यक्षांना कधी जंत झाल्याचं नंतर ऐकिवात नाही. पण एकावरून काही सिद्ध होत नाही, हे सर स्वतःच म्हणाले.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग त्यांच्या गावाहून, जवळच्या गोरेगावहून, त्यांची आई आली.

कौसामाय म्हणजे ठेंगणी, ताठ म्हातारी. तिच्याकडे लेकरांच्या जंतावरची मुळी होती. आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून तिच्याकडे आलेली. पैसा घ्यायचा नाही आणि झाडाचं नाव उच्चारायचं नाही, नाहीतर गुण जातो. मरायच्या आधी घरातल्या एकाला रानात नेऊन बोटाने झाड दाखवायचं, बस. तो एक म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, आमचे सर. कितीतरी वर्षं माय-लेकांचा एकच वाद चालला होता. ती म्हणायची, "आधी घे, मंग पारख." हे म्हणायचे, "आधी पारखतो, मंग घेतो."

या मुळीचं महत्त्व मला सरांनीच एकदा सांगितलं, तेही न हसता. त्यांचं घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. गावातल्या ज्या घरांना या वस्तीचं पाणी चालत नसे, त्यांना मुळी मात्र कौसामायच्याच घरच्या पाण्यात उगाळलेली चाले. लेकरू रडायला लागलं की विटाळ पळून जाई आणि ते हसायला लागलं की परत येई. "पण येत होते," सर म्हणाले. "पाटलीणबाई लेकरू घेऊन आमच्या दारात उभी राहायची आन् माय बसल्या जागेवरून म्हणायची, थांब जरा, हात धुते. साऱ्या गावात ते एकच ठिकाण होतं मराठीवाले, जिथं त्यांना थांबावं लागायचं."

आता तिची नजर कमी झाली होती. रानात झाड सापडायला तकलीफ होऊ लागली होती. तिने वाळलेल्या मुळीची पूड पदराच्या गाठीतून काढून सरांच्या टेबलावर ठेवली. "लाव तुझ्या मशीनला," ती म्हणाली, "मी काहून भ्यावं? पास झाली तर येशील ना संग रानात?"

"येईन," सर म्हणाले.

"आन् नापास झाली तर?"

सर पूड बांधायला कागद शोधू लागले. ती तिसऱ्या प्रहरीच्या एस.टी.ने परत गेली.

आता माझं काम. सरांनी मला बोलावलं आणि विचारलं, "तुम्हाला शास्त्रातलं काही कळत न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही." "बराबर. मंग तुम्हीच पाहिजे." मी एकट्याने तीन बाटल्या भरायच्या. एकीत मुळीचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत औषधाच्या दुकानातलं जंताचं डॉक्टरी औषध. गाळून घेतल्यावर तिन्ही दिसायला सारखीच. प्रत्येकीच्या मानेला एकेक रंगाचा दोरा बांधायचा आणि कोणता रंग कशाचा, हे फक्त माझ्या डोक्यात ठेवायचं. मी मुळीला लाल बांधला, पाण्याला पिवळा, दुकानच्या औषधाला हिरवा.

"आन् आजपासून तुमचं तोंड मला दाखवू नका," सर म्हणाले. "तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. तुम्ही कविता शिकवताना सुद्धा मुलांना कळतं की सरांना ही आवडत न्हाई."

तर हे त्या पाठमोरेपणाचं कारण. मी आधी खूप हसलो. घरी नक्कल करून दाखवली. मग निकाल येऊ लागले आणि माझं हसू आटलं.

सर भिंतीकडे तोंड करून सांगत, "मराठीवाले, हिरवा लई जबरदस्त हाय. हिरव्यात गांडुळं बघता बघता गार पडून राहिलेत. लाल न् पिवळा सारखेच, मजेत वळवळतात." त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं की ते खुशीत आहेत. हिरवा म्हणजे आईची मुळी, असं ते मनात धरून चालले होते. ज्या माणसाने हाताला लबाड ठरवून लोखंडाचा हात केला, त्याच्या मनाला कोणी लोखंडाचं करणार नव्हतं.

मी "हं" म्हणायचो. पुढे "हं" म्हणायचीही भीती वाटायला लागली.

निकाल स्पष्ट होता, पण सर मला रंग विचारेनात. म्हणाले, एकदा करून काय होतंय, पुन्हा करू. पुन्हा केलं. चिठ्ठ्या नव्याने टाकल्या, गांडुळं एका शेतातली आणली, मग सिद्धेश्वरच्या धरणाकडची मागवली. प्रत्येक वेळी तेच. प्राचार्य म्हणाले, पाईकरावांचा काटेकोरपणा वाखाणण्याजोगा आहे. मला मात्र दिसत होतं की हा काटेकोरपणा नाही, माणूस घाबरला आहे. त्यांची पाठ आता पूर्वीइतकी ताठ नसायची.

मला खोटं बोलावंसं वाटलं, हे सांगायला लाज कसली? काय अवघड होतं? लाल म्हणजे दुकानचं औषध आणि हिरवा म्हणजे मुळी, एवढंच म्हणायचं होतं. गोरेगावात एक म्हातारी खूश झाली असती, हिंगोलीत तिचा लेक. मी वाक्य पाठही करून ठेवलं.

एका दुपारी सर यंत्राजवळ उभे होते. हात थांबला होता, पिचकारीच्या टोकाशी थेंब लोंबत होता. मी आत गेलो तसे ते वळले, पण या वेळी माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांनी मी त्यांचा चेहरा पाहिला. दाढी वाढली होती. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मी पाठ केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "कळलं."

मग त्यांनी यंत्राची चावी सोडवून ठेवली, बाटल्या धुतल्या, उरलेली गांडुळं नळामागे नेऊन सोडली आणि मला म्हणाले, "उद्या गोरेगावला जातो. येता का? एकट्यानं जायला जड जाऊन राहिलं."

गोरेगावात बाजाराचा दिवस होता. कौसामाय दारात सुपात तूर निवडत बसली होती. आम्हाला पाहून तिने मुलाला आधी जेवलास का विचारलं आणि मग म्हणाली, "काय म्हनलं मशीन?"

माझी खात्री होती की सर आता काहीतरी सबब सांगतील. यंत्र बिघडलं म्हणतील. ते तिच्यासमोर मातीत बसले. "पाणी हाय माय," ते म्हणाले. "तुझी मुळी न् साधं पाणी, दोन्ही सारखंच."

ती तूर निवडत राहिली. सुपातला एक खडा बाहेर टाकून म्हणाली, "मंग इतकी लेकरं बरी कशी झाली रे?"

याचं उत्तर सरांकडे होतं. मी ते पेढे खाता खाता कितीदा तरी ऐकलं होतं. सर म्हणाले, "ठाऊक न्हाई."

एवढ्यात तांड्यावरची एक बाई लेकरू काखेत घेऊन आली. बाजाराला आली असावी, टोपली तिने बाहेरच ठेवली. "माय, पोरगं पोट धरून रडून राहिलंय. जंतच हायेत. मुळी दे की." कौसामाय उठली नाही. सवयीने एक हात जमिनीला टेकला आणि तशीच थांबली. तिने मुलाकडे पाहिलं. "देऊ का नको?" तिने विचारलं. ज्या बाईने साऱ्या गावाला दारात थांबवलं होतं ती आज स्वतःच्या घरात परवानगी मागत होती, आणि मला तिथे बसवेना.

सरांनी पिशवीतून एक बाटली काढली. दुकानातलं तेच औषध, हिंगोलीहून येताना घेतलेलं. बाटली आणि चमचा त्यांनी आईच्या हातात दिला. "हे पारखलेलं हाय. लोक दवाखान्यात जात न्हाईत, तुझ्याकडं येतात. तू दे. मी आणून देत जाईन. पोरगं एवढंसं हाय, अर्धाच चमचा." मग त्यांनी बाईला विचारलं, पोराला ताप आहे का, ओकारी होते का, आणि उद्यापर्यंत पोट दुखायचं थांबलं नाही तर हिंगोलीच्या दवाखान्यात ने म्हणून दोनदा बजावलं.

कौसामायने हात धुतले. बाई थांबली. मग मायने पोराच्या तोंडात औषध घातलं.

बाई म्हणाली, "आन् मुळी?"

मग सर उठले, कोनाड्यातली सहाण काढली, तिथलीच मुळी घेतली आणि पाणी घालून स्वतः उगाळायला बसले. "असं न्हाई," आई म्हणाली, "उलट्या अंगानं घास. येवढा शिकला पण लेकाला मुळी उगाळता येत न्हाई." सरांनी उलट्या अंगाने घासली. बोट बुडवून पोराच्या जिभेला लावलं. पोराने तोंड वाकडं केलं, बाई कौसामायच्या पाया पडली आणि टोपली उचलून गेली.

"चल आता," माय म्हणाली, "ऊन चढायच्या आत दाखवते." तिने मुलाचा दंड धरला आणि दोघं ओढ्याच्या बाजूने निघून गेले. मला कोणी बोलावलं नाही, ते बरोबरच होतं. मी दारात बसून उरलेली तूर निवडली.

परतीच्या एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. त्यांच्या नखांत ओली माती होती. मला राहवेना. इतके दिवस त्यांच्या तालमीत काढल्यावर प्रश्न आपोआपच आला. मी म्हटलं, "सर, तुम्ही दोन्ही एकदम दिलंत. आता पोरगं बरं झालं तर कशानं झालं, हे कळणार कसं?"

"नको कळायला," पाईकराव सर म्हणाले.